कांडी धरलेलं वांगं

माझ्या वांग्याच्या झाडांना उसासारखी कांडी धरली होती, कारखान्याचा चिटबॉय येऊन त्यांची ऊस म्हणून नोंद करून गेला होता, आणि त्याच वांग्यांचं भरीत आम्ही चंपाषष्ठीच्या पंगतीत वाढलं. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी सांगायचं आणि लोकांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघून हसायचं, ही रीत मला मिसरूड फुटलं तेव्हापासून चालू आहे. आता मिशा पांढऱ्या झाल्या तरी ती काही सुटत नाही.

पण पंगतीला बसलेल्या माणसानं तरी आधी घास घ्यावा की नाही? ताटात भरीत, त्यावर कच्च्या तेलाची धार, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात. चातुर्मासभर वांगं-कांदा कुणी तोंडाला लावला नव्हता. सकाळी पाच जणांनी तळी उचलली, खंडोबाला नैवेद्य दाखवला, कपाळं भंडाऱ्यानं पिवळी झाली, तोंडं सुटली. तर खावं गुमान. नाही. आमचा शेजारी जालिंदर फौजेतून सुभेदार होऊन आलेला आहे आणि तो अजून चेकपोस्टवरच उभा असतो. त्यानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"केरबा, वांगी घरची का रं?"

"मग काय तुझ्या घरची?" मी म्हणालो.

मी हसण्यावारी नेलं, पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. कारण वाढायला भरताचं पातेलं घेऊन उभा असलेला माझा पोरगा विश्वजीत जागच्या जागी थांबला. पळी हवेत. आत चुलीपुढं रोडगे भाजणाऱ्या आक्काताईच्या हाताचा आवाजही थांबला. आक्काताई म्हणजे माझी बायको. तिचा विहिरीजवळचा तुकडा या एका प्रश्नावर टांगलेला होता.

तो तुकडा केवढा, तर दोन गुंठे. माझ्या आईनं आक्काताईला ती नवी नवरी असताना हातात दिलेला. "ह्यात तुला काय लावायचं ते लाव, पुरुषांस्नी इचारू नगंस," असं सांगून. तिनं त्यात गवार केली, घेवडा केला, मिरच्या केल्या, तिच्या माहेरचं, पलूसकडचं कृष्णाकाठचं वांगं केलं. पुढं गुडघे धरले आणि तुकडा तणाला गेला. विश्वजीतचा त्यावर डोळा. त्याचं म्हणणं, सगळीकडं ऊस आहे, तेवढाच तुकडा तोंडात पडलेल्या दातासारखा दिसतो.

या आषाढात, कांदेनवमीला, म्हणजे वांगं-कांदा बंद होण्याच्या आदल्या दिवसांत, आक्काताई उंब्रजच्या बाजारातून वांगी घेऊन आली. सोन्याच्या भावाची. घरी येऊन चिरली तर अर्ध्या वांग्यांत अळ्या. ती जी उठली ती विळी आपटूनच. "चंपाषष्ठीचं भरीत घरच्या वांग्याचं हुईल. बाजारचं वांगं ह्या देवाम्होरं आता मी ठिवणार न्हाई."

"घरचं म्हंजी कुठलं?" विश्वजीत म्हणाला. "त्या तुकड्यात मी जानेवारीत सुरूच्या उसाची लागण करणार हाय."

"कर. दारापातूर ऊस आण. मग मी भाकरी उसात बसून थापते."

मायलेकांचं लागलं. माझं जेवण राहिलं. शेवटी विश्वजीतच म्हणाला, "बरं. चंपाषष्ठीला घरची वांगी ताटात आली तर तुकडा तुझा. परत त्याचं नाव काढणार न्हाई. न्हाई आली तर ऊस. पण लावणार कोण? तुझं गुडघं हे आसं."

"मी लावतो," मी म्हणालो.

तर पोरगा हसला. सून हसली. आक्काताई हसली नाही, पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा हसली असती तर बरं.

हे सगळं जालिंदरला ठाऊक होतं. पंगतीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. म्हणून तर विचारलं त्यानं. मग मी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणालो, "ऐका आता. वांगी कशी आली ते मुळापासून सांगतो."

"आबा, जेवण निवंल," विश्वजीत म्हणाला.

"निवू दे. प्रश्न गरम असताना विचारलाय, उत्तर गार झाल्यावर देऊ काय?"

आणि मी सुरुवात केली. भाजीच्या दरानं आधी आमचं डोकं कसं फिरवलं तिथून. रंगुबाई, आमच्या बाजारातली भाजीवाली, दरवर्षी या दिवशी आमच्याकडं जेवायला असते. ती चौकटीला टेकून बसली होती. ती समोर आहे हे माहीत असूनही मी सांगितलं, की पूर्वी हीच बाई अर्धा किलो गवारीवर मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या फुकट टाकायची. यंदा मी कोथिंबिरीची जुडी मागितली, तर तिनं जुडी माझ्या नाकाजवळ धरली आणि म्हणाली, "वास घ्या आबा, आन म्होरं व्हा, मागं गर्दी हाय."

"आगं बया! कवा म्हणले मी आसं?" रंगुबाई ओरडली.

"तोंडानं म्हणाली नाहीस. डोळ्यांनी म्हणालीस."

"माझ्या डोळ्यांस्नी मोतीबिंदू हाय आबा. मला तर तुमी दिसलाबी न्हवता."

"बघा! गिऱ्हाईक दिसेनासं झालं. इतकी महागाई."

पंगत हसली. मी पुढं रेटलं. जालिंदरच्या घरी तर टोमॅटो दोऱ्याला बांधून आमटीत सोडत, आमटीला वास लागला की वर ओढून घेत, वाळवत आणि संध्याकाळी शेजारी उसना देत. आमच्याकडं तोच टोमॅटो यायचा, म्हणून मला माहीत. जालिंदर म्हणाला, "केरबा, माझी बायकू आत बसलीय, हळू बोल." मी म्हणालो, "मग तिलाच विचार, दोरा कुणाचा होता. दोरा आमचा होता."

पण मला खरा ताप दराचा नाही. ताप याचा, की हे रडगाणं गातंय कोण? शेतकरी! गावाला चारी बाजूंनी रान, काळी माती, नदीचं पाणी, आणि पिशवी घेऊन भाजीला निघालाय कोण, तर रानाचा मालक. का? रानात ऊस आहे. बांधावर ऊस आहे. उद्या तुळशीवृंदावनात ऊस लावतील. अरे, पण माणसानं जेवायचं काय? सकाळी उसाची भाजी आणि रात्री उसाची आमटी? पाव्हणा आला की त्याच्यापुढं दोन पेरं ठेवायची आणि म्हणायचं, चावा सावकाश? हे मी दरवर्षी बोलतो, दरवर्षी लोक माना डोलावतात आणि दरवर्षी ऊस लावतात. कुणाला सांगायचं!

"उसाचं बिल येतं आबा," विश्वजीत म्हणाला. "वांग्याचं बिल येतं का?"

"येतं की. रंगुबाई देते."

बरं, मी वांगी लावायला घेतली तर लोकांनी मला सुखानं लावू द्यावीत! आक्काताईनं माहेरचं बी काढून दिलं, मडक्यात राखेत ठेवलेलं. वाफा केला, रोप टाकलं, रोप वर आलं. आणि सगळं गाव शेतीतज्ज्ञ झालं. ज्यांनी जन्मात उसाशिवाय दुसरं पान बघितलं नाही ते येऊन मला सांगायला लागले, अंतर कमी झालं, अंतर जास्त झालं, सरीत लाव, वरंब्यावर लाव. जालिंदर म्हणाला, रांगा सरळ नाहीत, परेडला अशा चालल्या नसत्या. मी म्हणालो, वांगी आहेत, सीमेवर जायची नाहीत.

घरात त्याहून कहर. आमची सून प्रियंका. पोरगी गुणाची आहे, पण तिच्या मोबाईलमध्ये एक माणूस राहतो. तो गच्चीत भाजी लावतो, बादलीत लावतो, बाटलीत लावतो, फाटक्या बुटात लावतो. तो म्हणाला म्हणून तिनं चहाचा चोथा ठेवला, केळीच्या साली ठेवल्या, शेजारून अंड्याची टरफलं मागून आणली. चातुर्मासात, खंडोबाच्या नावानं लावलेल्या वांग्यात, अंड्याची टरफलं! जालिंदरनं ती बघितली आणि गावभर केलं, की केरबा वांग्याच्या नावाखाली रानात जाऊन आम्लेट खातो.

"खात न्हवतास व्हय?" जालिंदर म्हणाला.

"तू गप रे."

मग रोपं लावली. लावून मूठभर उरली, ती मी बांधावर फेकून दिली. आक्काताई तेव्हा काठी टेकत रानापर्यंत आली होती, ती खाली बसली आणि एकेक रोप वेचून पदरात घ्यायला लागली. "आवं, जीव हाय त्यात." हिला काही टाकवत नाही. फुटकी घागर टाकवत नाही, सुटलेली नाडी टाकवत नाही. ती रोपं तिनं कुठं खोचली असतील ती असोत. मी विचारलं नाही. मला माझं काम होतं. तिचं रोजचं काम तेवढं डोळ्यांत यायचं. भांड्याचं पाणी बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी लंगडत घरामागं नेऊन ओतायचं. मी म्हणायचो, अगं, मोरीत ओत की. तर म्हणायची, मागं धूळ लय उडते. पावसाळ्यात कसली धूळ उडते, हे या बाईला विचारायची सोय नाही.

इकडं माझ्या वांग्यांवर जनावरांनी सभा भरवली. शेळ्या आल्या, कोंबड्या आल्या, रानडुकरं आली, मोर आला. मोरानं शेजारच्या मिरच्या खाल्ल्या आणि तो बिनपावसाचा नाचत सुटला, तो थेट कराडच्या पुलापर्यंत. शेवटी मी चारी बाजूंनी साड्यांचं कुंपण केलं. आक्काताईच्या जुन्या साड्या. त्यांत एक चांगली गेली, त्यावरून झालेलं भांडण इथं सांगत नाही. पण कुंपण असं झालं की आतलं बाहेर दिसत नव्हतं. मीही कुणाला आत येऊ दिलं नाही. नजर लागते.

"आमालाबी येऊ दिलं न्हाई," विश्वजीत म्हणाला. पातेलं त्यानं आता खाली ठेवलं होतं.

"तुझी नजर तर उसाची. ती आधी लागते."

आक्काताई मात्र रोज विचारायची. मी रानातून आलो की पाण्याचा तांब्या हातात देऊन, "फुलं आली का वं?" मी म्हणायचो, आली. पुढं विचारायची, "वांगी धरली का?" मी म्हणायचो, धरली. ती "बरं" म्हणायची आणि तिची बादली उचलायची.

इथंवर सांगून होतंय तोवर जालिंदरनं पहिला घास घेतला. चावला. डोळे मिटले. फौजेत भरीत मिळत नसावं.

"केरबा," तो म्हणाला, "गड्या, लय गोड हाय. बाजारच्या वांग्याला ही गोडी न्हाई."

मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी स्वतःही घास घेतला तर खरंच गोड. मला जरा नवलच वाटलं, पण नवल दाखवायची ती वेळ नव्हती. "मग!" मी विश्वजीतकडं बघून म्हणालो. "ऐकलंस? सुभेदारानं सांगितलं."

"पण एक कळंना," जालिंदर म्हणाला आणि त्यानं दुसरा घास हातातच धरला. "गणपतीच्या सुमाराला मी तुझ्या साड्यांवरनं वाकून बघितलं व्हतं."

"काय बघितलंस?"

"पानं सगळी विडीगत वळल्याली. शेंडं पिळवटल्यालं. मी म्हणलं, ह्याच्यात वांगी यायची म्हंजी ह्या जन्मी न्हाई."

पंगतीतले सगळे खायचे थांबले. आता बघा, या माणसाला मी शेजारी म्हणून इतकी वर्षं पोसला. त्याच्या म्हशीला माझ्या बांधावरचं गवत. आणि हा वाकून बघतो, बघतो ते बघतो, आणि तीन महिने पोटात ठेवून नेमका पंगतीत बाहेर काढतो.

"वळली होती," मी म्हणालो. "वळायलाच पाहिजेत. कांडी धरायच्या आधी पानं वळतातच."

"कसली कांडी?"

"उसाची."

"वांग्याला?"

"तेच तर सांगतोय! तुम्ही सांगू देताय कुठं?"

मग मला पंपाचं सांगावंच लागलं. झालं असं, की वांग्याला शेंडअळी लागली. प्रियंकाच्या मोबाईलमधला माणूस म्हणाला, निंबोळीचा अर्क फवारा. मी गोठ्यातला पाठीवरचा पंप घेतला, अर्क भरला, मोबाईल खिशात बोलता ठेवला आणि निघालो. मागून आक्काताई हाका मारत होती. ती नेहमीच मारते. मला मोबाईलमधला माणूस ऐकायचा होता.

"कुठला पंप?" विश्वजीतनं विचारलं.

"गोठ्यातला म्हटलं ना."

"त्या पंपानं मी उसातलं तण मारलं व्हतं आबा. त्या औषधानं ऊस सोडून रुंद पानाचं काय म्हणून ऱ्हात न्हाई. पंप धुतला व्हता का तुमी?"

"धुतला होता."

"कसा धुतला?"

"म्हणजे काय, कसा धुतला? पाणी घातलं, हलवलं, ओतलं. पंप आहे तो, लग्नातला नवरा नव्हे, हळद लावून धुवायला. उठसूट जो तो विचारतोय, पंप धुतला का, पंप धुतला का! धुतला!"

"एकदाच पाणी हलवून ते औषध जात न्हाई. वांगी मेली आसणार."

"मेली असती," मी म्हणालो, आणि इथं मी आवाज खाली आणला, कारण आता पुढचं सांगायचं होतं. "दुसऱ्या कुणाची असती तर मेलीच असती. पण मी घरी आलो, देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो, चिमूटभर भंडारा घेतला आणि जाऊन एकेका झाडावर टाकला. येळकोट म्हणालो. सकाळी जाऊन बघतो तर पानं उलगडलेली. आणि झाडाच्या बुडाला कांडी! औषध उसाचं, झाड वांग्याचं, त्या दोघांचं काय बोलणं झालं ते खंडोबाला माहीत. एक पेर, दोन पेरं, झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. वाऱ्यावर उसासारखी सळसळायला लागली. एकदा तर ऊसतोडीची टोळी कोयते घेऊन आत शिरत होती, मी आडवा पडलो म्हणून झाडं वाचली. आणि कारखान्याचा चिटबॉय उसाच्या नोंदी घेत हिंडत होता, तो साड्यांवरून ते शेंडे बघून आत आला आणि क्षेत्र मोजून नोंद करून गेला. मी म्हणालो, अरे बाबा, वांगी आहेत. तो म्हणाला, 'आबा, मला कांडी दिसली की मी लिवतो, फळाचं मला कायबी सांगू नका.' आता उसाची तोड यायच्या आधी वांगी काढून घ्यावीत म्हणून माझी काय धावपळ! जालिंदर, म्हणून तुला गोड लागलं. गोडी उसाची आहे ती."

मग रंगुबाईला जो ठसका लागला तो दोन तांबे पाणी प्यायली तरी जाईना. पोरं ताटावर पालथी. हसा म्हटलं. हसणारा माणूस विचारत नाही.

पण जालिंदर हसून झाल्यावरही विचारतो. "रंगुबाई," तो तिकडं वळला, "तुझ्याकडनं न्हेली न्हाईत न्हवं ह्यानं वांगी?"

"माझ्याकडनं न्हाई बाबा," रंगुबाई डोळे पुसत म्हणाली. "खंडोबाची आण. आबा महिनाभर माझ्या पाटीकडं फिरकलं न्हाईत. मलाबी वाटलं, रुसलं का काय."

"झालं समाधान?" मी म्हणालो. "जेवा आता."

झालंच होतं. खरंच झालं होतं. विश्वजीतनं पातेलं परत उचललं होतं. तेवढ्यात आमची प्रियंका, तिच्या मनात काही नसतं हो, पातीचं ताट घेऊन येता येता म्हणाली, "आबा, काल तुम्ही कराडहून आलात तेव्हा ते पोतं केवढं जड होतं. मला उचललं नाही. तुमचा चष्मा झाला का नीट?"

विश्वजीतनं पातेलं परत खाली ठेवलं.

"कराडला कशाला गेला व्हता आबा?"

"चष्म्याला. ऐकलं नाहीस?"

"चष्म्याला पोतं कशाला?"

"जाताना रिकामं होतं," मी म्हणालो. "येताना रानातून आलो. वांगी तोडली, पोत्यात भरली, घरी आणली. चष्मा नीट झाल्यावरच वांगी दिसणार ना? आधी कशी तोडू?"

"येष्टीतनं उतरून रानात गेला?"

"मग काय रानातून येष्टीत जाऊ?"

आता माझाच संताप संताप झाला होता. माणसानं भाजी लावावी की नको? महागाई वाढली तर म्हणायचं, घरी पिकवा. घरी पिकवली तर म्हणायचं, पुरावा दाखवा. बाजारात रंगुबाईला कधी कुणी विचारतं, तुझी वांगी कुठून आली, पंप धुतला होता का? नाही. गुमान पैसे देऊन किडकी घेऊन येतात. आणि घरच्या माणसाला मात्र चौकशी! हे मी सगळं बोललो. चांगलं खणखणीत बोललो. पंगतीतल्या दोन म्हाताऱ्यांनी तर "बराबर हाय" अशी मानही हलवली.

विश्वजीत माझ्या पानापुढं येऊन खाली बसला. पोरगा वाईट नाही. उन्हातान्हात तोच राबतो. तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो शांतपणे बोलला.

"आबा, कांडी ऱ्हाऊ द्या. चिटबॉय ऱ्हाऊ द्या. मी आईला शबुद दिलाय आन मी तो मोडणार न्हाई. फकस्त एवढं करा. भंडारा उचलून सांगा, ताटातली वांगी घरची हायत. तुमी भंडारा उचलला की मी त्या तुकड्याकडं परत बघणार न्हाई."

संपलं.

आमच्याकडं माणूस कोर्टात खोटं बोलेल, सोसायटीत बोलेल, सोयरीक जमवताना तर बोलतोच. पण बेल-भंडारा हातात घेऊन पालीच्या खंडोबाच्या नावानं खोटं बोलणारा अजून या भागात जन्मला नाही. आणि उचलला नाही तर जानेवारीत त्या तुकड्यात ऊस. माझ्या आईनं दिलेला तुकडा. आक्काताईनं गुडघ्यांत कळ येईपर्यंत वाकून केलेला.

"हात उष्टा आहे," मी म्हणालो. "उष्ट्या हातानं भंडारा उचलत नाहीत."

प्रियंका लगेच तांब्या आणि तसराळं घेऊन आली. "धुवा आबा, मी पाणी घालते." या पोरीचा गुण एवढाच, की कामाला नाही म्हणत नाही.

मी हात धुतला. सावकाश धुतला. बोटं एकेक करून धुतली. पंप असा धुतला असता तर ही वेळ आली नसती, असं जालिंदर म्हणाला, आणि तेवढ्यासाठी मी त्याला मेल्यावरही माफ करणार नाही.

"पुसायला फडकं," मी म्हणालो. फडकं आलं.

आतून काठीचा आवाज आला. आक्काताई चुलीपुढून उठून बाहेर येत होती, तोंड जाळानं लाल, एका हातात काठी, दुसऱ्या हातात देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी. ती विश्वजीतच्या शेजारी थांबली. वाटी माझ्या पानापुढं ठेवली.

"उचला," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. मनात म्हटलं, अगं बाई, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं, आणि तूच वाटी आणून ठेवतेस? वाटीकडं हात नेला. वाटीच्या वर हात थांबला तो थांबलाच. सगळी पंगत त्या हाताकडं बघत होती. पंगतीतल्या एका पोराला ठसका आला तोही त्यानं गिळला.

"उचला की वं," आक्काताई म्हणाली. "हात कशापायी थांबला? ताटातली वांगी घरचीच हायत. तुमी बांधावर फेकल्याली रोपं मी घरामागं, गोबरगॅसच्या टाकीपाशी लावली, आन भांड्याच्या पाण्यावर जगवली. जा रं विश्वजीत, बघून ये, आजून फुलं हायत झाडांवर. पंप पाठीला लावून निघाला तवाच मला त्या औषधाचा वास आला व्हता, हाका मारून नरडं बसलं माझं. फुलं आली का म्हणून मी रोज इचारायची, ते ह्यो माणूस कवातरी खरं बोलतोय का बघायला."

ती खाली वाकली आणि वाटीतला भंडारा चिमटीत घेऊन तिनं माझ्या कपाळाला लावला, चांगला दाबून.

"आन कराडच्या मंडईतलं तुमचं पोतं मी सकाळीच म्हशीम्होरं रितं केलं. कांडी धरल्याली वांगी ती न्हवं? जावा गोठ्यात, तिलाच इचारा, गोड लागली का!"